उपग्रहाच्या नकाशात ६६ अंशांच्या पुढे समुद्र का संपतो?

अक्षांश_अठरा (धागाकर्ता)

आमच्या गावातील विज्ञान मंडळासाठी समुद्रपातळीवर एक भाषण तयार करत असताना १९९३ पासूनच्या वाढीचा जागतिक नकाशा वारंवार पाहण्यात आला आणि दर वेळी एकच गोष्ट खटकली. विषुववृत्तापासून वर सरकत जाणारे लाल-पिवळे रंग ६६ अंश उत्तर अक्षांशापाशी सुरीने कापल्यासारखे थांबतात, आणि त्यापुढचा जवळजवळ सगळा आर्क्टिक महासागर कोरा दाखवलेला असतो. ज्या भागातील बर्फ वितळण्याची सर्वांत जास्त चर्चा होते, नेमके तिथलेच पाणी मोजलेले नाही, हे श्रोत्यांना कसे सांगावे हे मला समजत नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. उपग्रहावरील रडार समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजत असेल, तर ज्या समुद्रावर दोन-तीन मीटर जाडीचा बर्फ पसरलेला आहे तिथे ते नेमके कशाची उंची मोजते? आणि आर्क्टिकच्या समुद्रपातळीचे जे आकडे छापून येतात, ते मी निर्धास्तपणे पडद्यावर दाखवू शकतो का?

दर्यावर्दी

नकाशा काढणाऱ्याचा निळा रंग संपला असावा, ही शक्यताही धाग्यात नोंदवून ठेवावी. उत्तरे देणारे येईपर्यंत मी पहिल्या बाकावर जागा धरून बसतो.

प्रतिध्वनी

पहिल्या निरीक्षणाचे कारण अगदी भूमितीय आहे. तुम्ही पाहिलेला नकाशा टोपेक्स-पोसायडन (ऑगस्ट १९९२) आणि त्याच्या मार्गावरून पुढे गेलेले जेसन-१, जेसन-२, जेसन-३ व सेंटिनेल-६ या उपग्रहांच्या मोजणीवरून काढलेला असणार. त्यांच्या कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कल ६६ अंशांचा आहे आणि उपग्रह आपल्या कलापेक्षा जास्त अक्षांशावर कधीच जात नाही, त्यामुळे आर्क्टिक वृत्ताच्या उंबरठ्यावरूनच तो परत फिरतो. नकाशा कापलेला दिसतो तो एवढ्याचमुळे.

अधिक उत्तरेकडे जाणारे उपग्रह त्याच काळात होते. युरोपचा ईआरएस-१ जुलै १९९१ मध्ये, म्हणजे टोपेक्सच्याही आधी गेला. त्याचा कल सुमारे ९८.५ अंश असल्यामुळे (कल ९० च्या वर गेला की तो १८० मधून वजा करायचा) तो ८१.५ अंशांपर्यंत पोहोचत होता. त्याच मार्गावरून पुढे ईआरएस-२, एन्व्हिसॅट आणि २०१३ मध्ये भारत-फ्रान्सचा ‘सरल’ गेले. २०१० च्या एप्रिलमध्ये गेलेला क्रायोसॅट-२ ८८ अंशांपर्यंत जातो. तेव्हा आर्क्टिक मोजलेला आहे. तो फक्त त्या प्रसिद्ध नकाशात नाही.

शंकासूर

मग ६६ अंशच का निवडले, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो. इतका खर्च करून उपग्रह सोडायचा आणि ध्रुवाकडे पाठ फिरवायची, यात शहाणपण काय होते?

प्रतिध्वनी

@शंकासूर, त्यामागे भरती-ओहोटी आहे. ईआरएस, एन्व्हिसॅट आणि सरल यांच्या कक्षा सूर्याशी जुळलेल्या आहेत, म्हणजे ते कोणत्याही ठिकाणावरून दर वेळी एकाच स्थानिक सौर वेळेला जातात. सूर्यामुळे बरोबर बारा तासांनी येणारी जी भरती आहे, ती अशा उपग्रहाला कायम एकाच टप्प्यावर भेटते, आणि त्यामुळे ती भरती आहे की समुद्राची नेहमीची उंची आहे हे त्याला कळूच शकत नाही. रोज सकाळी सात वाजताच किनाऱ्यावर फिरायला जाणाऱ्या माणसाला सूर्य कायम तिथेच असतो असे वाटावे, तसेच हे आहे. टोपेक्सच्या आखणीत भरतीचे सर्व घटक सुटे करता येतील अशी कक्षा मुद्दाम निवडली होती आणि त्याची किंमत म्हणून ध्रुव सोडावे लागले. क्रायोसॅट-२ सूर्याशी जुळलेला नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

हिमवाट

बर्फाखालचे पाणी कसे मोजतात याचे उत्तर मी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरून देतो. काही वर्षांपूर्वी भारतीय अंटार्क्टिक मोहिमेच्या जहाजावर तंत्रसाहाय्यक म्हणून मी लार्समन टेकड्यांवरील ‘भारती’ केंद्राकडे गेलो होतो. समुद्री बर्फ हा एकसंध फरशीसारखा असतो, अशी माझीही समजूत होती. प्रत्यक्षात वारा आणि प्रवाह त्याला सतत ओढत असतात आणि तो फाटत असतो. त्या फटीतून काळे पाणी दिसते. कुठे ती हातभर रुंद असते, तर कुठे जहाज आरामात जाईल एवढी. आमचे कप्तान अशा फटी शोधतच जहाज पुढे नेत असत. मला सर्वांत नवल वाटले ते त्या पाण्याच्या स्थिरतेचे. दोन्ही बाजूंनी बर्फ असल्यामुळे लाटेला जागाच नसते, आणि मोकळ्या समुद्रात ताशी चाळीस किलोमीटरचा वारा असतानाही फटीतील पाणी परातीत ओतल्यासारखे सपाट होते.

ही सपाटीच उपग्रहाला उपयोगी पडते असे मला तेव्हा बरोबरच्या एका शास्त्रज्ञाने सांगितले होते. पुढचे तपशील प्रतिध्वनी यांनी द्यावेत.

प्रतिध्वनी

हिमवाट यांनी नेमक्या ठिकाणी आणून सोडले आहे. या फटीला आम्ही ‘लीड’ म्हणतो. डेन्मार्कमध्ये पीएच.डी. करताना माझी तीन वर्षे असल्या फटींचे प्रतिध्वनी निवडण्यातच गेली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

रडार खाली एक सूक्ष्मलहरींचा स्पंद सोडते आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीची शक्ती वेळेनुसार नोंदवते. खवळलेल्या मोकळ्या समुद्रावरून येणारा प्रतिध्वनी झपाट्याने चढतो आणि मग सावकाश उतरत जातो, कारण दूरवरच्या लाटांचे उतारही थोडी थोडी शक्ती परत पाठवत राहतात. लीडचे पाणी मात्र आरशासारखे असते. ते जवळजवळ सगळी शक्ती एकदम सरळ वर पाठवते आणि आलेखावर सुईसारखा उंच, अरुंद सुळका दिसतो. बर्फाच्या तुकड्यावरून येणारा प्रतिध्वनी कमी शक्तीचा आणि पसरट असतो. आलेखाच्या या आकारावरूनच पाण्याचे प्रतिध्वनी एका बाजूला आणि बर्फाचे दुसऱ्या बाजूला काढता येतात. ईआरएस-१ च्या नोंदींतून अशी निवड करून बर्फाळ समुद्राची उंची काढता येते, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील सेमोर लॅक्सन यांनी १९९० च्या दशकात दाखवले. पाण्याची आणि बर्फाची उंची वजा केली की बर्फाचा पाण्यावर दिसणारा भाग कळतो आणि त्यावरून जाडी काढता येते. म्हणजे बर्फाची जाडी मोजण्याच्या खटाटोपात समुद्रपातळी ही आधी लागणारी पायरी होती.

आता यातील अचूकतेची कल्पना यावी म्हणून एक हिशेब देतो. क्रायोसॅट सुमारे ७१७ किमी उंचीवर आहे आणि त्याचा स्पंद जाऊन-येऊन पाच सहस्रांश सेकंदांपेक्षाही कमी वेळ घेतो. उंचीत एका सेंटीमीटरचा फरक म्हणजे वेळेत सुमारे ६७ पिकोसेकंदांचा फरक. नोंदीचा एक घर मात्र ३.१२५ नॅनोसेकंदांचा, म्हणजे सुमारे ४७ सेंटीमीटरचा असतो. त्या घराच्या आत नेमके कुठे पाणी आहे, हे प्रतिध्वनीच्या आकारावर गणिती वक्र बसवूनच ठरवावे लागते, आणि खरी लढाई तिथेच असते.

गणितमास्तर

प्रतिध्वनी, ‘नोंदीचे एक घर’ असे हवे. बाकी प्रतिसाद उत्तम आहे.

शंकासूर

मास्तरांनी घराचे लिंग दुरुस्त केले, मी घराच्या लांबीवर बोलतो. ज्या यंत्राचे एक घर ४७ सेंटीमीटरचे आहे, त्याच्या जोरावर आर्क्टिकमध्ये वर्षाला १.५४ मिलिमीटरची वाढ छापणे म्हणजे गवंड्याच्या टेपने केसाची जाडी मोजण्यासारखे नाही का? सरासरी काढली की चूक कमी होते, हे मला मान्य आहे. परंतु सरासरीने फक्त इकडे-तिकडे विखुरलेली चूक कमी होते. सगळी मोजमापे एकाच बाजूला झुकलेली असतील, तर लाख नोंदींची सरासरीही तेवढीच झुकलेली राहील.

प्रतिध्वनी

आक्षेप रास्त आहे, आणि अशा एकांगी चुकांची काही उदाहरणे मीच देतो.

लीडचा प्रतिध्वनी इतका प्रखर असतो की ती उपग्रहाच्या बरोबर खाली नसून बाजूला असली, तरी तीच नोंदवली जाते. ७१७ किमी उंचीवरून पाहताना १ किमी बाजूला असलेल्या फटीपर्यंतचे तिरके अंतर सरळ अंतरापेक्षा पाऊण मीटरच्या आसपास जास्त भरते, आणि ते जसेच्या तसे घेतले तर समुद्र तेवढा खाली गेल्यासारखा दिसतो. ही चूक कायम एकाच दिशेने होते. जुन्या उपग्रहांच्या रडारचा ठसा जमिनीवर काही किलोमीटर रुंद असल्यामुळे त्यांच्यात ती जास्त होती. क्रायोसॅटमध्ये डॉप्लर परिणामाचा उपयोग करून उड्डाणाच्या दिशेने हा ठसा सुमारे ३०० मीटरपर्यंत आणला आहे, मात्र आडव्या दिशेने तो अजूनही दीड किलोमीटरहून जास्त आहे. त्यावर दोन अँटेना असल्यामुळे काही प्रदेशांत प्रतिध्वनी कोणत्या बाजूने आला, हेही काढता येते.

दुसरी चूक उन्हाळ्यातील आहे. जून-जुलैमध्ये आर्क्टिकच्या बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात आणि रडारला तीही आरसाच वाटतात. ती बर्फाच्या वर असल्यामुळे त्यांना लीड समजले तर समुद्र उंचावल्यासारखा दिसतो. बर्फाच्या जाडीचे नकाशे अनेक वर्षे फक्त हिवाळ्याचे असत, त्याचे मोठे कारण ही डबकी होती. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात संगणकाला शिकवून लीड आणि डबकी वेगळी केली गेली आणि वर्षभराच्या नोंदी मिळाल्या.

मला स्वतःला सर्वांत त्रास दिला तो शिवणीने. मोकळ्या समुद्राचा पसरट प्रतिध्वनी आणि लीडचा सुळका यांची उंची वेगवेगळ्या पद्धतींनी काढावी लागते आणि त्या पद्धतींच्या उत्तरांत कायमचा फरक राहतो. तो जुळवून घेतला नाही, तर बर्फाची सीमा जिथे असेल तिथे समुद्रात पायरी दिसते. आता बर्फ दरवर्षी मागे हटत असेल, तर ही पायरीही सरकत जाते आणि तिचे सोंग हुबेहूब समुद्रपातळीच्या बदलासारखे असते. माझ्या पहिल्या नकाशात अशी एक सुंदर वाढ आली होती. मार्गदर्शकांनी तिच्यावर बर्फाच्या कडेची रेषा आखून दाखवली आणि माझी चार महिन्यांची मेहनत त्या रेषेवर तंतोतंत बसली.

दर्यावर्दी

म्हणजे तुम्ही समुद्राऐवजी बर्फाची किनार मोजून आलात. तिच्यावर वेगळा प्रबंध लिहिता आला असता.

ओहोटी_वेळापत्रक

माझी नोकरी बंदर खात्यात भरतीमापकांशी संबंधित होती, त्यामुळे अवकाशातून येणाऱ्या प्रत्येक आकड्याला मी आधी किनाऱ्यावर उभा करून पाहतो. मुंबईत अपोलो बंदर येथील नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. इतक्या लांब नोंदी हिंद महासागरात फार थोड्या ठिकाणी आहेत, आणि उपग्रहाच्या आकड्याला त्यांच्यासमोर हजेरी द्यावी लागते. आर्क्टिकमध्ये ही हजेरी घेणार कोण? भरतीमापक आहेत ते प्रामुख्याने नॉर्वे आणि सायबेरियाच्या किनाऱ्यावर, आणि सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यानंतर सायबेरियातील अनेक मापके बंद पडली. महासागराच्या मध्यभागी तर ते बसवणेच शक्य नाही.

त्यात आणखी एक गुंता आहे. भरतीमापक जमिनीवर उभा असतो आणि उत्तरेकडील जमीन स्वतः वर येत आहे. हिमयुगातील बर्फाचे ओझे उतरल्याचा परिणाम तिथे अजून चालू आहे आणि स्वालबार्डसारख्या ठिकाणी अलीकडे वितळलेल्या हिमनद्यांचाही त्यात वाटा आहे. भारताचे ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून ज्या न्यू-ऑलेसुंडमध्ये आहे, तेथील भरतीमापकाच्या नोंदीत समुद्र चक्क खाली जाताना दिसतो, कारण जमीन त्याच्याहून वेगाने वर चढत आहे.

अक्षांश_अठरा (धागाकर्ता)

ओहोटी काका, हे वाचून भाषणातील माझे एक वाक्य मी आताच खोडले. एक उपप्रश्न विचारतो. आपल्या ‘सरल’ उपग्रहाचा या कामात नेमका वाटा काय आहे? शाळकरी मुले समोर असल्यामुळे त्याचा उल्लेख करायला मला आवडेल.

हिमवाट

निःसंकोच करा. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी२० ने तो नेला. उपग्रह आणि प्रक्षेपण इस्रोचे, तर ‘अल्टिका’ हे रडार फ्रान्सच्या अवकाशसंस्थेचे आहे. एन्व्हिसॅट २०१२ च्या एप्रिलमध्ये बंद पडला होता आणि त्याच्या मूळ मार्गावर ‘सरल’ नेऊन ठेवला गेला, त्यामुळे १९९१ पासूनच्या त्या वाटेवरील नोंदी पुढे चालू राहिल्या. इतर अल्टिमीटर (उंची मोजणारी रडारे) सुमारे १३.६ गिगाहर्ट्झवर चालतात, तर अल्टिका ३५.७५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे ८ मिलिमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीवर काम करते. त्यामुळे तिचा ठसा लहान आहे आणि नोंदीचे घरही ४७ ऐवजी सुमारे ३० सेंटीमीटरचे आहे. अरुंद फटी निवडताना याचा फायदा होतो.

दर्यावर्दी

आणि २०१६ च्या जुलैपासून ‘सरल’ला ठरलेल्या वाटेवर धरून न ठेवता मोकळे सोडले आहे, हेही मुलांना सांगा. नाव सरल असलेल्याने वाट सोडली, तरी मोजणी सरळच ठेवली.

बर्फाळ_बाई

एका समजुतीबद्दल लिहिते, कारण धाग्याच्या पहिल्याच परिच्छेदात तिची सावली आहे. आर्क्टिकचा तरंगता बर्फ वितळल्याने समुद्रपातळी जवळजवळ वाढत नाही. पेल्यातील बर्फ विरघळून पेला ओसंडत नाही, हे आपण घरी पाहतोच. पातळी वाढवतो तो जमिनीवरचा बर्फ, म्हणजे ग्रीनलँड, अंटार्क्टिका आणि पर्वतांवरील हिमनद्या. त्यातही गंमत अशी की ग्रीनलँडचे बर्फ कमी झाले की त्याच्या सभोवतालचा समुद्र खाली जातो. एवढ्या प्रचंड वस्तुमानाचे गुरुत्वाकर्षण जवळचे पाणी स्वतःकडे ओढून धरत असते; ते वस्तुमान घटले की ओढ सैल होते आणि पाणी दूर सरकते. ग्रीनलँड वितळल्याची झळ ग्रीनलँडच्या शेजाऱ्यांपेक्षा मुंबईसारख्या दूरच्या किनाऱ्याला जास्त बसते.

शंकासूर

बर्फाळ_बाई, तुमचा प्रतिसाद वाचून माझा आक्षेप आणखी धारदार झाला आहे. जर आर्क्टिकच्या एका भागात पाणी चढते आणि दुसऱ्या भागात उतरते, तर संपूर्ण आर्क्टिकची एक सरासरी काढून तिला दशांश चिन्हापुढे दोन स्थळे लावण्यात काय अर्थ आहे?

प्रतिध्वनी

इथे मी तुमच्याच बाजूचा आहे. माझ्या मते आर्क्टिकच्या बाबतीत सरासरीचा आकडा ही सर्वांत कमी माहिती देणारी गोष्ट आहे.

कॅनडा आणि अलास्काच्या उत्तरेला ब्यूफोर्ट समुद्रात घड्याळाच्या दिशेने फिरणारा एक मोठा चक्रप्रवाह आहे. वारा त्याला जितका जोरात फिरवतो, तितके नद्यांचे आणि वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी मध्यभागी गोळा होते आणि समुद्राला घुमटासारखा फुगवटा येतो. कॅथरीन जाइल्स आणि सहकाऱ्यांनी १९९५ ते २०१० या काळातील ईआरएस-२ आणि एन्व्हिसॅटच्या लीड-नोंदी वापरून २०१२ मध्ये दाखवले की या घुमटाखालील गोड्या पाण्याचा साठा सुमारे ८,००० घन किमीने वाढला होता. त्यांनीच दिलेली अनिश्चितता २,००० घन किमीची आहे. बर्फाखाली लपलेल्या पाण्याबद्दल एवढे काही अवकाशातून कळू शकते, ही माझ्या दृष्टीने या पद्धतीची खरी कमाई आहे. दुर्दैवाने लॅक्सन आणि जाइल्स हे दोघेही २०१३ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने अपघातात गेले.

सरासरीचेच विचाराल तर दोन आकडे नेहमी समोर येतात. १९९१ ते २०१८ या काळासाठी वर्षाला १.५४ मिमी, आणि २००३ ते २०१४ साठी वर्षाला २.२ मिमी, ज्याची अनिश्चितता १.१ मिमी आहे. लोक ते शेजारी ठेवून भांडतात. परंतु काळ वेगळा, जुळवणी वेगळी, आणि वाऱ्यामुळे आर्क्टिकची पातळी वर्षावर्षाला इतकी हलते की बारा वर्षांचा कल आणि सत्तावीस वर्षांचा कल सारखा यावा अशी अपेक्षाच धरू नये.

गणितमास्तर

मी थोडा असहमत आहे. सरासरी कमी माहिती देते हे खरे, पण जगाच्या समुद्राचा ताळेबंद जुळवायचा असेल तर आर्क्टिकचा रकाना कोरा ठेवून चालत नाही. तापून फुगलेले पाणी, नव्याने आलेले पाणी आणि उपग्रहाने मोजलेली उंची यांची बेरीज-वजाबाकी तपासण्यासाठी एक आकडा लागतोच. तो दोन दशांश स्थळांनी लिहावा की नाही, यावर मात्र शंकासूर यांना माझे पूर्ण गुण.

ओहोटी_वेळापत्रक

पूर्ण गुण देणारे मास्तर मी पहिल्यांदाच पाहिले.

वातावरणाच्या दाबाचा मुद्दा राहून गेला, म्हणून लिहितो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने वाढला की समुद्र साधारण एक सेंटीमीटर दबतो. ध्रुवीय प्रदेशात वादळे जाताना दाब वीस-तीस हेक्टोपास्कलने सहज बदलतो, म्हणजे पाणी वीस-तीस सेंटीमीटर हलते. ही दुरुस्ती हवामानाच्या प्रतिमानांवरून घ्यावी लागते आणि आर्क्टिकवर निरीक्षणे विरळ असल्यामुळे त्या प्रतिमानांवरही फार विसंबता येत नाही. भरतीच्या प्रतिमानांची तिथे हीच अवस्था आहे.

अक्षांश_अठरा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. पडद्यावर आता काय दाखवायचे ते ठरवले आहे. कोरा नकाशा तसाच ठेवतो आणि तो कोरा का आहे, हे ६६ अंशांच्या कक्षेवरून समजावतो. त्यानंतर लीडचे चित्र, सुळक्याचा आणि पसरट प्रतिध्वनीचा आलेख, आणि ब्यूफोर्टचा घुमट. सरासरीचे दोन्ही आकडे त्यांच्या वर्षांसह एकाखाली एक लिहितो आणि मुलांनाच विचारतो की ते वेगळे का असावेत. शेवटच्या चित्राला ‘क्रायोसॅट-२ : ध्रुवापर्यंतची मोजणी’ असे नाव दिले आहे.

प्रतिध्वनी

नाव तेवढे बदला. क्रायोसॅट ८८ अंशांवरून परत फिरतो, त्यामुळे ध्रुवाभोवती सुमारे २२० किमी त्रिज्येचे वर्तुळ त्याच्याही नकाशात कोरेच असते. ईआरएस आणि ‘सरल’साठी तेच वर्तुळ साडेनऊशे किमी त्रिज्येच्या आसपास भरते.

अक्षांश_अठरा (धागाकर्ता)

नाव बदलले. दोन्ही वर्तुळे कंपासने काढून दाखवतो.